जुना व्हीएमसी घेताना साल नंतर विचारा, आधी पिढी ओळखा

भोसरीत किंवा चाकणला जुना व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारं उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) बघायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मशीन कोणत्या सालचं? दुसरा प्रश्न थेट किमतीचा. मीही माझी पहिली दोन मशीनं याच दोन प्रश्नांवर घेतली आणि त्यातलं एक चुकलं. मशीन वाईट नव्हतं. मला डायचं काम करायचं होतं आणि मी उचलून आणलं कास्टिंगच्या फेसिंगला योग्य असलेलं मशीन. तेव्हापासून कुणी सल्ला विचारला की मी सांगतो, साल नंतर बघू, आधी पिढी ओळखू.

कारण साल फसवतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस विकल्या गेलेल्या एका मशीनवर १९८५ साली आलेल्या, फॅनुक या जपानी कंपनीच्या झिरो मालिकेचा कंट्रोल (प्रोग्रॅम वाचून मशीन चालवणारा कॉम्प्युटर) सापडतो, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या मशीनवर फायबर ऑप्टिक केबलने ड्राइव्हशी (मोटरला वीज देऊन फिरवणारा भाग) जोडलेला आय मालिकेचा. पाटीवर साल एकच, पण दोघांची कुवत, स्पेअर्स, दुरुस्ती करणारी माणसं, सगळं वेगळं. शिवाय एकाच मशीनमध्ये कंट्रोल, ड्राइव्ह, स्लाइड आणि स्पिंडल या चार गोष्टींच्या पिढ्या वेगवेगळ्या असू शकतात. म्हणून मी चारही वेगळ्या तपासतो, आणि त्याच क्रमाने खाली लिहितो. आपल्या पट्ट्यात जुनी मशीनं बहुतेक फॅनुकची, म्हणून मुख्य उदाहरण फॅनुकचंच घेतलंय.

पायरी १: कीपॅडवरून कंट्रोल ओळखा

मशीन सुरू करायच्या आधीच हे कळतं. कीपॅडवर 'डीजीएनओएस पॅराम' आणि 'मेनू ऑफसेट' अशी बटणं दिसली की तो झिरो मालिकेचा कंट्रोल, ज्याला शेडवर सगळे ओएम म्हणतात. 'सिस्टिम', 'मेसेज' अशी बटणं असतील तर तो १६, १८, २१ किंवा त्यानंतरचा ओआय. ओएमला बहुतेक नऊ इंची एकरंगी सीआरटी असते. काही ठिकाणी तीच काढून बाजारातला एलसीडी बसवलेला असतो, त्यामुळे स्क्रीन नवी दिसली म्हणून कंट्रोल नवा समजू नका. बटणं बघा.

ढोबळ पिढ्या अशा. पहिली, सत्तरचं दशक आणि ऐंशीची सुरुवात: पंच टेप, डीसी सर्व्हो (अॅक्सिस हलवणाऱ्या मोटर), फॅनुक सहासारखे कंट्रोल, ज्यात बबल मेमरी असायची. या पिढीचं मशीन चालू स्थितीत मिळालं तरी कंट्रोलसाठी घेऊ नका. त्याचं कास्टिंग चांगलं असेल तर फक्त रेट्रोफिटसाठी, म्हणजे जुन्या मशीनवर नवा कंट्रोल आणि ड्राइव्ह बसवण्यासाठी, विचार करा. दुसरी पिढी ओएमची. १९८५ ला आली आणि २००० च्या आसपासपर्यंत नव्या मशीनवर बसत राहिली. तिसरी, नव्वदच्या दशकातले १६, १८, २१ आणि त्यांचेच पुढे आलेले आय. चौथी, २००० नंतरचे ओआय, त्यातला ओआय-एमसी आपल्याकडच्या वापरलेल्या व्हीएमसींवर सर्रास भेटतो.

सिमेन्स ८१०, ८४०सी, ८४०डी किंवा हायडेनहाइनचे टीएनसी भेटले तर पिढ्यांचा विचार तसाच करायचा, फक्त माणूस वेगळा शोधावा लागतो. हायडेनहाइनवर शिकलेला ऑपरेटर त्याच्या संवादी प्रोग्रॅमिंगवर जीव टाकतो आणि ते योग्यच आहे. पण तुमच्या शेडवर बाकी सगळी मशीनं फॅनुकची असतील आणि एकच सेटर असेल, तर हा वेगळा कंट्रोल घेण्याआधी दोनदा विचार करा.

पायरी २: पॅनल उघडायला सांगा

मालक पॅनल उघडायला काचकूच करत असेल तर तिथेच थांबा. पॅनलच्या आत तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, ड्राइव्हवरचा स्टिकर. फॅनुकच्या ड्राइव्हचा नंबर ए०६बी पासून सुरू होतो आणि पुढचे चार आकडे पिढी सांगतात. ६०५८ म्हणजे ओएमच्या काळातले डिजिटल एसी सर्व्हो. ६०७९ म्हणजे अल्फा. ६०९६ सुद्धा अल्फाच, पण फायबर ऑप्टिकने जोडलेला. ६११४ म्हणजे अल्फा आय. हे चार आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि त्याच संध्याकाळी दोन ड्राइव्ह रिपेअरवाल्यांना विचारा, हा मिळतो का, बदलून देता का. मशीनची खरी किंमत त्या उत्तरात असते. डीसी सर्व्हो असेल तर मोटरच्या बाजूच्या टोप्या उघडून कार्बन ब्रश बघा. कार्बनची पूड मोटरमध्ये साचली की अलार्म कधी येईल याचा नेम नाही.

दुसरी गोष्ट, ट्रान्सफॉर्मर. जुने फॅनुक ड्राइव्ह २०० ते २३० व्होल्टवर चालतात आणि आपला पुरवठा ४१५ व्होल्टचा. बाहेरून आलेल्या मशीनसोबत ट्रान्सफॉर्मर येतो की तो मालकाने स्वतःसाठी ठेवून घेतलाय, हे आधी ठरवून घ्या. गाडी भरताना ट्रान्सफॉर्मर मागे राहिल्याची भांडणं मी पाहिली आहेत.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात प्रिय. पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला, प्लॅस्टिकच्या खिशात किंवा नुसतं चिकटवलेलं, पॅरामीटर शीट, म्हणजे कंट्रोलमधल्या सेटिंगच्या आकड्यांचा कागद, असतो. डॉट मॅट्रिक्सवर छापलेलं, पिवळं पडलेलं, कडेला तेलाचे बोटांचे ठसे. ओएममध्ये ९०० पासूनचे पॅरामीटर म्हणजे ऑप्शन. रिजिड टॅपिंग (स्पिंडल आणि झेड जुळवून आटे पाडणं), मॅक्रो (प्रोग्रॅममध्येच हिशेब करणं), जादा मेमरी यातलं कारखान्यातून काय विकत घेतलं होतं ते त्यात असतं. हे आकडे पुसले गेले आणि कागद नसेल, तर मशीन उभं राहतं पण अर्ध्या सुविधा गेलेल्या असतात. कागद दिसला की आधी फोटो, मग बाकीचं बोलणं.

पायरी ३: आठवण कुठे साठवली आहे

ओएम आणि ओआय यांच्यातला खरा फरक इथे आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही.

ओएमचे पॅरामीटर, प्रोग्रॅम, ऑफसेट सगळं बॅटरीवर जिवंत असतं. मशीन तीन-चार महिने बंद शेडमध्ये पडलं आणि बॅटरी संपली की सगळं गेलं. माझ्या एका मशीनचं असंच झालं. आधीच्या मालकाने बॅटरी बदलली होती, पण मशीन बंद असताना. चालू केल्यावर स्क्रीनवर काहीबाही अक्षरं, अलार्मची रांग, आणि दारावरचं शीट कुणीतरी फाडून नेलेलं. त्याच मॉडेलचं मशीन असलेला एक भला माणूस चिंचवडला सापडला, त्याच्याकडून पॅरामीटर उतरवून घेतले आणि मग आमच्या मशीनच्या बॅकलॅश, ग्रिड शिफ्ट, स्ट्रोक लिमिट यांचे स्वतःचे आकडे एकेक करून पुन्हा शोधले. नऊ दिवस गेले.

म्हणून नियम एकच: बॅटरी नेहमी मशीन चालू असताना बदलायची. ओएमला बाहेरच्या डब्यात जाड डी साइझचे सेल असतात. ओआयला कंट्रोलवर ३ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. अॅब्सोल्यूट एन्कोडर (मशीन बंद असतानाही अॅक्सिसची जागा लक्षात ठेवणारा सेन्सर) असेल तर त्याची ६ व्होल्टची बॅटरी वेगळी, आणि तीही मशीन चालू ठेवूनच बदलायची. ती गेली तर ३०० क्रमांकाचा अलार्म येतो आणि झिरो पुन्हा सेट करावा लागतो.

ओएमचा लॅडर, म्हणजे टूल चेंज, कूलंट, दार, सगळ्यांचा क्रम सांभाळणारा प्रोग्रॅम, ईप्रॉम चिपमध्ये असतो. तो बॅटरीने जात नाही, पण चिप जुनी झाली की बिघडते, आणि त्याची कॉपी काढायला प्रोग्रॅमर लागतो. ओआय आणि आय मालिकेत लॅडर फ्लॅशमध्ये असतो. शिवाय मशीन सुरू करताना स्क्रीनखालची उजवीकडची शेवटची दोन सॉफ्ट की दाबून धरली की बूट मेनू येतो. तिथून एसरॅमचा (बॅटरीवर जिवंत असलेल्या मेमरीचा) अख्खा बॅकअप मेमरी कार्डवर पाच मिनिटांत घेता येतो. ओएमवर हेच काम आरएस-२३२ केबलने, एकेक पान पंच करून करावं लागतं. कार्ड २ जीबी किंवा त्याहून लहान ठेवा, मोठी कार्डं हे कंट्रोल वाचत नाहीत.

आता मेमरी किती. जुन्या कंट्रोलच्या कागदावर ती मीटरमध्ये लिहिलेली असते: ८० मीटर, ३२० मीटर. हे कागदी पंच टेपचं माप. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीने पहिलं एनसी मिलिंग मशीन दाखवलं तेही टेपवरच चाललं होतं, आणि टेप गेल्यानंतर कित्येक वर्षं मापं तीच राहिली. एका इंचात दहा अक्षरं, म्हणजे एका मीटरमध्ये साधारण ४००. ८० मीटर म्हणजे ३२ हजार अक्षरं. ब्रॅकेटच्या ड्रिलिंगला ही जागा भरपूर आहे. मोल्डच्या थ्रीडी प्रोग्रॅमचा त्यात पाचेक मिनिटांचा तुकडाही मावत नाही.

पायरी ४: थ्रीडी करायचं असेल तर हा हिशेब करा

मेमरी पुरत नाही म्हणून लोक ओएमला कॉम्प्युटर जोडून ड्रिप फीड करतात, म्हणजे प्रोग्रॅम केबलने थोडाथोडा पाठवत चालवतात. चालतं, पण किती वेगाने ते आधी कागदावर काढा. ४८०० बॉडरेटला सात डेटा बिट, एक पॅरिटी, दोन स्टॉप आणि एक स्टार्ट, म्हणजे एका अक्षराला ११ बिट. सेकंदाला साधारण ४३५ अक्षरं जातात. एक्स, वाय, झेड तिन्ही असलेला एक ब्लॉक सुमारे २२ अक्षरांचा, म्हणजे सेकंदाला २० ब्लॉक. तुमच्या कॅमने (प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने) ०.५ मिमीच्या तुकड्यांत पथ काढला असेल तर मशीन मिनिटाला ६०० मिमीच्या पुढे जाऊच शकत नाही, प्रोग्रॅममध्ये एफ (फीड, म्हणजे कापताना सरकण्याचा वेग) कितीही लिहा. तुकडे ०.२ मिमीचे केले तर २४०. मग कटर प्रत्येक बिंदूवर अडखळतो, पृष्ठभागावर ठिपके उमटतात आणि दोष कटरला दिला जातो. ९६०० ला हे आकडे दुप्पट होतात, पण केबल लांब असेल तर डेटा तुटायला लागतो.

दुसरी अडचण कोपऱ्याची आणि वर्तुळाची. जुना कंट्रोल पुढचं फारसं बघत नाही आणि सर्व्हो आज्ञेच्या मागून येतो. लूप गेन (सर्व्हो मागे पडलेलं अंतर किती जोराने भरून काढतो त्याचा आकडा) ३० धरला, जो या मशीनवर नेहमीचा असतो, आणि २० च्या एंडमिलने ४० चं बोअर फिरवलं, म्हणजे टूलच्या मध्याचा पथ १० मिमी त्रिज्येचा. १००० च्या फीडला त्रिज्या सुमारे १५ मायक्रॉन आत येते. फीड ३००० केला की जवळजवळ १४० मायक्रॉन. फीड तिप्पट, चूक नऊपट. ओआय आणि आय मालिकेत फीड फॉरवर्ड आणि पुढचे ब्लॉक आधी वाचण्याची सोय ही चूक बरीच कमी करते. ती चालू करायला मशीनच्या ऑप्शनप्रमाणे जी०८ पी१ किंवा जी०५.१ क्यू१ लिहावं लागतं. नुसता कंट्रोल नवा आहे म्हणून ती आपोआप चालू नसते. मशीन बघायला जाल तेव्हा एमडीआयमध्ये (हाताने एकेक ओळ टाकून चालवायचा मोड) ही ओळ टाकून बघा. अलार्म आला तर तो ऑप्शन त्या मशीनवर नाही.

माझं चुकलेलं मशीन इथेच चुकलं होतं. मशीन उत्तम कापायचं, पण डायची वक्र बाजू कधीच गुळगुळीत आली नाही, आणि त्यात मशीनचा दोष नव्हता.

पायरी ५: ऑफसेटचं पान उघडा

ऑफसेटच्या पानावर प्रत्येक नंबरसमोर एकच आकडा दिसत असेल तर ती मेमरी ए. चार रकाने असतील, लांबीचे दोन आणि त्रिज्येचे दोन, तर मेमरी सी. बहुतेक ओएम मेमरी ए चे, ओआय बहुतेक मेमरी सी चे.

हा फरक किती महाग पडतो ते मी पाहिलंय. मेमरी ए मध्ये एच (टूलच्या लांबीचा नंबर) आणि डी (त्रिज्येचा नंबर) एकाच तक्त्यातून वाचले जातात. एच०५ मध्ये टूलची लांबी भरलेली असेल तर डी०५ मागितल्यावर कंट्रोल तीच लांबी त्रिज्या म्हणून घेतो. जुने सेटर म्हणून डीचा नंबर वेगळा धरायचे: एच०५ ला डी३५. नव्या कॅमचा पोस्ट (कॅमचा पथ मशीनच्या कोडमध्ये उतरवणारी फाइल) मात्र टूल ५ ला एच५ आणि डी५ दोन्ही लिहून देतो. आमच्याकडे नव्या मुलाने तो प्रोग्रॅम तसाच चढवला. एच०५ मध्ये उणे तीनशेच्या आसपासचा आकडा होता. जी४१ (कटरच्या त्रिज्येची भरपाई) लागल्याबरोबर कटर जॉबकडे न जाता थेट बाजूला निघाला. कटिंग फीडवर होता म्हणून सेटरला एमर्जन्सीपर्यंत हात न्यायला वेळ मिळाला. त्या दिवसापासून ओएमसाठी पोस्टची वेगळी फाइल ठेवली, डी म्हणजे एच अधिक तीस.

अशीच दुसरी गोष्ट दशांश टिंबाची. बऱ्याच जुन्या मशीनवर टिंब न देता एक्स१० लिहिलं की ते १० मायक्रॉन होतं, १० मिलिमीटर नव्हे. काही मशीनवर पॅरामीटरने उलटं ठेवलेलं असतं. एकाच शेडवर दोन्ही तऱ्हा असतील तर ऑपरेटर एक दिवस चुकणारच. सगळ्या प्रोग्रॅममध्ये टिंब सक्तीचं करा.

मॅक्रोही इथेच बघून घ्या. प्रोब (जॉबला स्पर्श करून मोजणारा सेन्सर) लावायचा असेल तर मॅक्रो बी लागतो. ओएमवर तो ऑप्शन होता, ओआयवर सहसा असतोच. एमडीआयमध्ये #१०१=५. टाकून पाहा, घेतलं तर आहे.

पायरी ६: झिरो रिटर्नची परीक्षा

ओएमच्या काळातल्या बहुतेक मशीनना चालू केल्यावर आपण कुठे आहोत हे माहीत नसतं. अॅक्सिस झिरोकडे जातो, डॉगवर (अॅक्सिसला बोल्टने बसवलेल्या पट्टीवर) लिमिट स्विच दाबला जातो, वेग कमी होतो, डॉग सुटला की मोटरच्या फेऱ्यातली पुढची खूण पकडतो आणि थांबतो. डॉग सुटण्याची जागा त्या खुणेच्या अगदी जवळ आली, तर कधी ही खूण पकडली जाते, कधी पुढची. बॉलस्क्रूचं पिच १० मिमी असेल तर झिरो नेमका १० मिलिमीटरने सरकतो.

आमच्या झेडला हे झालं. सकाळी ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, झेड आज खाली थांबलाय वाटतं." मी म्हटलं, अलार्म नाही ना, चालू दे. पहिल्याच टूल चेंजला छत्रीचं, म्हणजे टूल धरणाऱ्या गोल चेंजरचं, बोट वाकलं. डॉगचा बोल्ट ढिला होऊन पट्टी दोनेक मिलिमीटर सरकली होती. त्या मुलाचं ऐकायला हवं होतं.

तपासणी अशी: टेबलवर डायल लावा, एक ठरलेली जागा शून्य करा. वेगवेगळ्या जागांवरून दहा वेळा झिरो घ्या, मध्ये तीनदा मशीन पूर्ण बंद-चालू करा. दर वेळी त्या जागी दोन-तीन मायक्रॉनच्या आत यायला हवं. ओआयवर डायग्नोसिस ३०२ मध्ये डॉग सुटल्यापासून खुणेपर्यंतचं अंतर दिसतं. ते पिचच्या अर्ध्याच्या आसपास असावं. शून्याजवळ किंवा पूर्ण पिचजवळ असेल तर डॉग हलवा.

पायरी ७: स्लाइड आणि बॉलस्क्रू, इथे घाई नको

बॉक्स वे की एलएम गाइड (रुळावर बेअरिंगने सरकणारी स्लाइड), हा प्रश्न जुन्या-नव्याचा मानू नका. कामाचा आहे. बॉक्स वे म्हणजे कास्टिंगमध्येच घडवलेले रुंद मार्ग, समोरच्या बाजूला टर्साइट (घर्षण कमी करणारं प्लॅस्टिक) लावून स्क्रॅप केलेले. रॅपिड (न कापता सरकण्याचा वेग) मिनिटाला १०-२० मीटर. पण कोल्हापूरच्या फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर १२५ चा फेसमिल चार मिलिमीटर खोल घालायचा असेल तर याच मशीनचा आवाज शांत असतो. एलएम गाइडवाल्यांचा रॅपिड २४ ते ४८ मीटर, हालचाल हलकी, लहान पावलं अचूक. ड्रिल-टॅप आणि डायच्या फिनिशिंगला तेच बरे.

टेलिस्कोपिक कव्हर सरकवून मार्ग बघा. स्क्रॅपिंगच्या चंद्रकोरी खुणा कडेला दिसतात आणि मधे पुसल्या गेल्यात का? मधला भाग चकचकीत आणि कडा मळकट असेल तर मशीन आयुष्यभर व्हाइस मधे ठेवून चाललंय.

आता प्ले, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी हालचाल, बॅकलॅश. इथे फसवणूक सोपी आहे, म्हणून हळू करा. विकणारा डायल लावून दाखवतो, सुई हलत नाही, प्ले शून्य. पण कंट्रोल तो प्ले भरून काढत असतो. आधी पॅरामीटर बघा: ओएमवर ५३५, ५३६, ५३७, ओआयवर १८५१. तिथे एक्ससमोर ४५ लिहिलेलं दिसलं तर ४५ मायक्रॉनचा प्ले आधीच झाकलेला आहे. मालकाच्या परवानगीने हे आकडे वहीत लिहून ठेवा, शून्य करा, आणि मगच डायल लावा.

मॅग्नेट बेस स्पिंडलवर, डायल टेबलवर घट्ट धरलेल्या ब्लॉकला. हँडव्हीलने एका दिशेने ०.१ मिमी जा, सुई शून्यावर आणा, मग ×१ वर उलट फिरवा, एकेक खट करत. सुई हलायच्या आधी किती खटके गेले तोच प्ले. पाच ते दहा मायक्रॉन उत्तम, पंधरा-वीस चालेल, तीसच्या वर गेलं तर भावात बोला. हेच टेबलच्या डाव्या टोकाला, मध्यात आणि उजव्या टोकाला करा. तिन्हीकडे सारखा आला तर पॅरामीटरने भागतं. टोकांना ८ आणि मध्यात ४० आला तर स्क्रू मध्यात झिजला आहे. एका आकड्याने तो भरून निघत नाही, मध्यात बरोबर केलं की टोकांना जास्त होतो. आणि सुई काही खटके थांबून एकदम उडी मारत असेल, तर स्लाइड चिकटते आहे. ल्युब्रिकेशनच्या लाइन तपासा. वितरकाची एखादी नळी बुजलेली असते आणि तेलाची टाकी महिनोन् महिने भरलेली दिसते. टाकी भरलेली दिसली म्हणून खूश होऊ नका.

प्ले जास्त आला तर सौदा सोडायच्या आधी अजून एक बघा. स्क्रूच्या टोकाला सेंटरच्या खड्ड्यात ग्रीस लावून एक स्टीलची गोळी चिकटवा आणि त्या गोळीवर डायल. आता दिशा बदलली की स्क्रू स्वतःच पुढे-मागे होतोय का? होत असेल तर दोष थ्रस्ट बेअरिंगचा आहे, नटचा नाही. बेअरिंग दोन दिवसांत बदलतं. बॉलस्क्रू ग्राइंडिंगला गेला तर मशीन कित्येक आठवडे उभं. मी घेतलेलं सगळ्यात फायद्याचं मशीन मला याच गोळीने मिळवून दिलं. सगळे ३५ मायक्रॉन ऐकून परत गेले होते.

पायरी ८: स्पिंडल, टूल चेंजर, टॅपिंग

स्पिंडल थंड असताना आवाज ऐकू नका, अर्धा-पाऊण तास फिरवून मग ऐका. बोअरच्या आत रनआउट (फिरताना मध्य किती हलतो ते) ५ मायक्रॉनच्या आत, ३०० मिमीच्या टेस्ट मँड्रेलच्या टोकाला १५ च्या आसपास. जुन्या गिअर किंवा पट्ट्याच्या स्पिंडलला ४००० ते ६००० आरपीएम, नंतरच्यांना ८००० ते १२,०००. लहान एंडमिलचं काम असेल तर ६००० च्या स्पिंडलवर वेळ दुप्पट धरा.

टेपर बीटी४० लिहिलेला असला तरी पुल स्टड (टूल होल्डर वर ओढून धरायचा बोल्ट) तपासा. ४५ अंशाचा आणि ६० अंशाचा स्टड दिसायला जवळजवळ सारखे, दोन्हींचा आटा एम१६. चुकीचा लावला तर टूल पकडल्यासारखं वाटतं आणि कापताना सुटतं. मशीनसोबत आलेला एक तरी मूळ स्टड मागून घ्या आणि सगळे नवे त्याच्याशी ताडून आणा. डिस्क स्प्रिंग थकल्या असतील तर पकड कमी होते. ड्रॉबार फोर्स गेज कुणाकडून तरी उसना आणा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा.

छत्रीचा चेंजर सावकाश, सहा ते आठ सेकंद, पण दुरुस्तीला सोपा. आर्मचा दोन-तीन सेकंदांचा, पण कॅम बॉक्समध्ये तेल नसेल तर दुखणं मोठं. पन्नास टूल चेंज सलग चालवा. पहिल्या दहात काहीच दिसत नाही.

रिजिड टॅपिंगसाठी एम२९ घालून जी८४ चालवा, आधी हवेत, मग अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर एम६. अलार्म आला तर ऑप्शन नाही किंवा स्पिंडलला पोझिशन कोडर नाही. मग फ्लोटिंग टॅप होल्डर लागतील. त्यावर कित्येक शेडवर वर्षानुवर्षं टॅपिंग चाललंय, फक्त आंधळ्या भोकाची खोली सांभाळावी लागते.

कोणत्या कामाला कोणती पिढी

बिडाची आणि स्टीलची जड मशीनिंग, ड्रिलिंग, बोअरिंग असेल तर चांगल्या बॉक्स वेवरचा ओएम आजही घ्या, मात्र पॅरामीटर शीट, ड्राइव्ह मिळण्याची खात्री आणि निरोगी स्क्रू या तीन अटींवर. डाय-मोल्ड, प्रोबिंग, मोठे कॅम प्रोग्रॅम असतील तर ओआय-एमसीच्या खाली येऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. १६ आणि १८ या दोन्हींच्या मधे बसतात. चांगल्या मशीनवर चांगला ऑप्शन असेल तर ते ओआयपेक्षा सरस ठरतात, पण बोर्ड महाग. रेट्रोफिट करायचं ठरवलं तर नुसता कंट्रोल धरू नका. मोटर, ड्राइव्ह, केबल, पॅनल, लॅडर लिहिणारा माणूस आणि मशीन बंद राहण्याचे दिवस, सगळं बेरजेत घ्या. स्क्रू झिजलेला असताना रेट्रोफिट केलेली मशीनं मी बघितली आहेत. स्क्रीन नवी आणि प्ले जुनाच.

मशीन शेडवर आल्यावर पहिला दिवस

जॉब लावायची घाई होते, मलाही होते. पण पहिला दिवस मशीनला द्या. लेव्हल करा, चोवीस तासांनी पुन्हा तपासा. मशीन चालू ठेवून सगळ्या बॅटऱ्या बदला आणि डब्यावर तारीख लिहा. पॅरामीटर, डायग्नोसिसची कीप रिले आणि टायमरची पानं, ऑफसेट, प्रोग्रॅम, सगळ्याचा बॅकअप घ्या: एक कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर घरी. मग पॅरामीटर कागदावर छापा, प्लॅस्टिकच्या खिशात घाला आणि पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, जिथे आधीचं शीट होतं तिथेच.